कातीतला पदर

सोमवार, २

आले एकदाची! दोन पिशव्या, एक वळकटी आणि मांडीवर तान्ह्या बाळासारखा धरलेला मायक्रोस्कोप. गाडीवाला सारखा मागे वळून बघत होता. शेवटी न राहवून त्याने विचारलं की इथे काम काय करणार. मी म्हटलं, टॅरंटुला जातीच्या कोळ्यांची पिल्लं नर आहेत की मादी, ते ओळखणार. पोहोचल्यावर सामान उतरवायला तो खालीही उतरला नाही.

घर चिंचोळं आहे, चढाच्या गल्लीत. तळमजल्यावर किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान, पहिल्या मजल्यावर कोळी, दुसऱ्यावर माणसं आणि त्याच्या वर माळ्याची खोली, ती माझी. खिडकी पूर्वेला आहे, टेबल हलत नाही, आणि पलंगाखाली झुरळ नाही. झुरळं सगळी पहिल्या मजल्यावर, खायला घालायला डब्यांत पाळलेली. म्हणजे या घरात झुरळसुद्धा शिस्तीत राहतं.

मालकांना सगळे मास्तर म्हणतात. वय साठीचं, बोलणं लोण्यासारखं, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांना दिसत नाही. हे त्यांनी स्वतःच पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, लपवाछपवी काही नाही. या कोळ्यांच्या पोटावर बारीक केस असतात. चिडले की मागच्या पायांनी ते उडवतात. अंगाला लागले तर खाजकुयली परवडली, आणि डोळ्यात गेले तर टोकदार केस आतच सरकत जातात. चोळलं की आणखी खोल. मास्तरांचे डोळे असेच गेले, तीस वर्षांपूर्वी. त्यांनी माझा हात हातात घेऊन बोटांची टोकं चाचपली आणि म्हणाले, कातडी जाड आहे, पण चालेल.

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचं ठरलं. वहिनी उंच, हाडापेराने दणकट. माझ्या दोन्ही पिशव्या एका हातात घेऊन तीन जिने चढल्या आणि धापसुद्धा टाकली नाही. खोलीत शिरताच त्यांनी पहिली वस्तू हातात दिली ती रबरी कडांचा चष्मा, पोहणारे घालतात तसा. तो घातल्याशिवाय पहिल्या मजल्याचं दार उघडायचं नाही, एवढा एकच नियम. रोज रात्री चष्मा त्यांच्याकडे द्यायचा, सकाळी धुऊन मिळेल. मला फार बरं वाटलं. आई गेल्यापासून माझी वस्तू दुसऱ्या कुणी धुतलेली मला आठवत नाही.

मंगळवार, ३

आजपासून काम सुरू. भिंतभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टिकचे डबे, प्रत्येकात ओली माती आणि एक पिल्लू. नखाएवढ्यापासून रुपयाएवढ्यापर्यंत. खोली उबदार, कोंदट, मातीच्या वासाची.

धाकटीला फोनवर सगळं वर्णन करून सांगितलं. धाकटी माझी बहीण, शिवणाच्या वर्गाला जाते, महिनाअखेरीला परीक्षा. तिने विचारलं की एवढ्याशा पिल्लाचं कळतं कसं. मी म्हटलं, पिल्लाला हातही लावायचा नाही. ते वाढताना कात टाकतं, सापासारखी. ती कात पाण्यात भिजवायची, सुईने पोटाचा भाग उलगडायचा आणि आतून बघायचं. मादी असेल तर तिथे इवलासा पदर दिसतो, खिशावरच्या झाकणासारखा. पदर नाही म्हणजे नर. मादी वीस-पंचवीस वर्षं जगते, नर वयात आला की वर्षभरात आटोपतो, म्हणून पाळणाऱ्या प्रत्येकाला मादीच हवी. धाकटी म्हणाली, चला, कुठेतरी आपल्याला मागणी आहे!

तिलाही मी तोच नियम सांगितला. अशा खोलीत जायचं तर आधी चष्मा, मग दार. तिने दोनदा म्हणून दाखवलं. लहानपणी रस्ता ओलांडायला शिकवलं तेव्हाही असंच म्हणवून घेतलं होतं.

गुरुवार, ५

आज वहिनींचं काम पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

मी ज्या डब्यांवर लाल ठिपका देते ते नर. ठिपकेवाले डबे वहिनी संध्याकाळी टोपलीत गोळा करतात. सगळ्यात खालच्या फळीवर काचेच्या पेटीत या घरातली सगळ्यात म्हातारी मादी आहे, तिचं नाव आजीबाई. ताटलीएवढी. वहिनींनी एक नर चिमट्याने उचलून तिच्यापुढे टाकला. आजीबाई हलली हे मला कळलंच नाही, फक्त आवाज आला, कोरडी शेंग मोडावी तसा. नराचे पाय बराच वेळ पेटीच्या काचेवर टकटक करत होते. उरलेले वहिनींनी अंगठ्याने टोपलीतच चिरडले, एकीकडे मला उद्या अंडी उकडू की तळू असं विचारत.

मला धंद्याची सवय आहे, मी काही दुधखुळी नाही. पण आधी जिथे कामाला होते तिथे आम्ही नर स्वस्तात विकून टाकायचो. मी तसं म्हटलं तर मास्तर हसून म्हणाले की नर विकला तर कुणीतरी त्याची जोडी लावतो आणि आपलाच वाण आपल्याच दारात स्पर्धा करतो. बरोबरच आहे म्हणा. अंडी तळूनच खाल्ली.

रविवार, ८

सुट्टी. जेवायला दुसऱ्या मजल्यावर बोलावलं होतं. तिथे वहिनींचे सख्खे भाऊ भेटले, त्यांना सगळे मामा म्हणतात. तेही आंधळे, आणि घसा इतका बसलेला की बोलतात की खरवडतात ते कळत नाही. त्यांचे ओठ सुजलेले, काळेनिळे. मास्तर म्हणाले, मामाही आपल्याच कामातले, आतल्या खोलीत बसतात, अगदी लहान पिल्लं बघतात. आंधळा माणूस बघतो म्हणजे काय, हे विचारणार होते, पण तेवढ्यात वहिनी वाढायला आल्या. मघाशी आतल्या खोलीवरून जाताना मामा तोंडात काहीतरी चघळताना दिसले होते. बडीशेप असेल.

जेवताना माझी टकळी सुरू झाली आणि मी धाकटीचं कौतुक सांगत बसले. संधिप्रकाशात सुईत दोरा ओवते, माझ्यापेक्षा तिची नजर दुप्पट तेज. मास्तरांनी घास खाली ठेवला. म्हणाले, बोलवा तिला, परीक्षा झाली की लगेच. दोघी बहिणी एका छपराखाली! मी तर आनंदाने उठून नाचायचीच बाकी होते. वहिनींनी विचारलं की तिचा चेहरा रुंद आहे की निमुळता. मी म्हटलं निमुळता, माझ्यासारखाच. स्वेटर विणायचाय की काय कुणास ठाऊक, पण चेहऱ्याचं माप घेऊन स्वेटर कोण विणतं! मामा मात्र ताटावरून उठून गेले.

बुधवार, ११

माझ्या हातून चूक झाली. अजून तोंड कडू आहे.

सकाळी एक कात बघितली, पदर नव्हता, लाल ठिपका दिला. संध्याकाळी वहिनींनी ते पिल्लू आजीबाईपुढे टाकलं. मग मास्तर आले आणि म्हणाले की आजच्या काती जरा द्या. त्यांनी तीच कात उचलली, पाण्यातून काढली आणि जिभेच्या टोकावर ठेवली. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंड किंचित उघडं, जिभेवर कोळ्याचं पोट. मी बघतच राहिले. त्यांनी ती काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि हळूच म्हणाले, पोरगी होती ती.

मी सुईने पुन्हा उलगडली. पदर होता. दुमडून चिकटला होता. तिकडे पेटीत तिचा एक पाय अजून हलत होता.

मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समजावलं. जेवणात केस आला तर डोळ्याला दिसत नाही, पण जिभेला लगेच कळतो. मायक्रोस्कोपला दिसायला पिल्लू मोठं व्हावं लागतं. जिभेला ते मुगाएवढं असतानाच कळतं. पण डोळे शाबूत असले की माणूस जिभेचं ऐकत नाही, डोळ्यांवरच विसंबतो. तुझी चूक नाही, म्हणाले, तुझ्या डोळ्यांची आहे.

शुक्रवार, १३

उजवा डोळा खुपतोय, वाळू गेल्यासारखा. आरशात लाल दिसतो. मी चष्म्याशिवाय त्या खोलीत एकदाही गेलेली नाही, डोळ्यात तेल घालून जपते. तरी असं कसं?

वहिनींनी डोळ्यात थेंब टाकले, मास्तरांसाठी डॉक्टरांनी दिलेले. माझं डोकं मांडीवर घेऊन, पापणी दोन बोटांनी धरून. मला रडूच आलं, दुखण्याने नाही, मायेने. म्हणाल्या, चष्मा आणखी घट्ट लावत जा.

घट्ट लावला.

रविवार, १५

उजव्या डोळ्यासमोर धुकं. डावाही सुरू झालाय. दिव्याभोवती कडं दिसतं. पापणीच्या आत कुणीतरी सुई ओढत नेतंय, थांबतंय, पुन्हा ओढतंय. रात्रभर हात पलंगाला बांधून झोपले, झोपेत चोळू नये म्हणून. ही युक्तीही वहिनींचीच.

डॉक्टरकडे न्या म्हटलं. वहिनी म्हणाल्या, उद्याची वेळ घेतली आहे.

सोमवार, १६

डॉक्टर गावाला गेलेत, असं म्हणतात.

फोनचा पडदा वाचता येत नाही. वहिनींना सांगितलं की धाकटीला लिहा, परीक्षा होईपर्यंत इथलं काही मनात आणू नकोस, मी नंतर कळवते. त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. पाठवलं म्हणाल्या. किती जीव लावतात या मला.

मंगळवार, १७

वहीवर पट्टी ठेवून लिहितेय. डाव्या हाताने पट्टी धरायची, तिच्या कडेने लिहायचं, मग पट्टी एक बोट खाली. नाहीतर ओळीवर ओळ चढते.

आज मास्तरांनी मला आतल्या खोलीत मामांशेजारी बसवलं. माझ्या ओठांना थंड, ओलं काहीतरी लागलं. मी तोंड मिटून घेतलं. ते म्हणाले, एकदाच. नाही कळलं तर पुन्हा नाही म्हणणार.

घेतली मी जिभेवर. आधी मातीची चव, मग कागदासारखं काही, मग बारीक टोचणी. आणि मग, देवा, कळलं. पदर. जिभेच्या टोकाने उचलता येईल इतका स्पष्ट. मी मादी म्हणाले आणि मास्तरांनी टाळी वाजवली.

पुढची नर. पुढची मादी, मादी, नर. अख्खं तबक संपवलं. एकही चूक नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी डोळे फोडून घेतले ते असं जिभेवर आयतं येऊन बसलं, आणि मला आनंद झाला. हे लिहायला हवं. आंधळी होत असताना मला आनंद झाला. शेजारी मामा बसून कुत्र्यासारखे कण्हत होते. मला वाटलं, हेवा वाटतोय त्यांना.

बुधवार, १८

आणखी तीन तबकं. जीभ सुजली. घशात काटे. पाणी उतरत नाही.

उजेड आणि अंधार एवढंच कळतं आता.

वहिनी खालून कागदात गुंडाळलेलं काही घेऊन आल्या. कागद कुरकुरत होता. विचारलं तर म्हणाल्या, धाकटीसाठी आणलंय. गंमत आहे.

पण धाकटी तर येणार नाही—

गुरुवार, १९

आवाज गेला. तोंड उघडते, हवा येते.

सकाळी वहिनींनी चष्मा दिला. दिसत नाही तरी चष्मा कशाला, हे विचारायला आवाज नाही. त्या गेल्यावर काढला. रबराची कड गालाला टोचत होती. बोटांनी चाचपली, बोटांना काही कळेना, माझी कातडी जाड. मग जीभ लावली.

केस.

कडेवर सगळीकडे. चुकून उडून बसलेले नाहीत. ओळीने. सगळ्यांची टोकं आत, डोळ्याकडे. पिठात दाबावेत तसे चिकटवलेले. रोज रात्री धुवायला नेत होत्या. रोज सकाळी ताजे.

मांडीवर डोकं घेऊन थेंब टाकायच्या. मला आई आठवायची.

मामांच्या खोलीपर्यंत भिंत धरून गेले. चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी कडेवरून जीभ फिरवली. मग कानाला तोंड लावून खरवडले. माझापण ताईनेच धुतला होता. सख्ख्या बहिणीने. ती वाईट नाही, म्हणाले, तिला खरंच वाटतं की ती आपल्याला काहीतरी देते. मग म्हणाले, तुझी धाकटी रविवारी येतेय. ताईने तिला लिहिलंय की तुझ्या ताईचे डोळे आलेत, सेवेला कुणी नाही, परीक्षा सोड आणि ये.

चष्मा पायाखाली घेतला. काच फुटली, रबर दातांनी तोडलं. तुकडे खिडकीबाहेर.

माझे गेले ते गेले. तिचे नाही.

शुक्रवार, २०

पळाले. तीन जिने बसून उतरले. रस्ता. उन्हाची ऊब तोंडावर. धावले आणि पायरीवरून आपटले, हनुवटी फुटली, दात ओठात घुसला. कुणीतरी उचललं. तेलाचा, लोखंडाचा वास. किल्लीवाला. मी त्याचा सदरा धरून ओरडत होते. आवाज नाही. नुसती हवा आणि रक्त.

भला माणूस. हळूच हाताला धरून तीन जिने चढवून वहिनींच्या ताब्यात दिलं. वर त्यांनाच रागावला. आंधळ्या पोरीला असं एकटं सोडता का!

वहिनींनी दार लागेपर्यंत त्याचे आभार मानले. मग माझे केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. दोनदा. मग जखम पुसली. पुसताना रडत होत्या.

शनिवार, २१

हे सावकाश लिहिते. डाव्या हाताची बोटं मोडलीत, पट्टी धरता येत नाही. ओळी कशा पडतात कोण जाणे.

या घरात दोनच डोळे उरलेत. ते गेले की चष्म्यावर ओळीने केस लावणारं कुणी नाही. एवढाच विचार केला.

दुपारी सगळे जेवत असताना आजीबाईची पेटी उघडली. डावा हात आत घातला. तिला धरली. तिने दात रोवले तळव्यात, हाडापर्यंत. मी सोडली नाही. तिच्या पोटावर ओला टॉवेल घासला. पुन्हा. पुन्हा. टक्कल पडेपर्यंत. टॉवेल घेऊन माळ्यावर परतले.

वहिनी थेंब टाकायला आल्या. मांडीवर डोकं घेतलं. वाकल्या. श्वास लागला तोंडाला. मी त्यांची वेणी धरून खाली ओढलं आणि टॉवेल डोळ्यांवर दाबला. अंगठ्यांनी. पापण्या उघड्या होत्या. ते कळलं अंगठ्यांना.

त्या किंचाळल्या. माझी बोटं पिरगाळून मागे मोडली, एक, मग दुसरं, काडीसारखी. मी दुसरा हात सोडला नाही. जिन्यांवरून दोघी खाली, पहिल्या मजल्यावर, फळीवर. फळी आली अंगावर. डबे. ओली माती. अंगभर पाय. जिथे हात टेकावा तिथे काहीतरी फुटत होतं.

मास्तर अनवाणी आले. पायाखाली कुर्रकुर्र. बायको किंचाळतेय आणि हा माणूस खाली बसून एकेक मेलेलं पिल्लू जिभेला लावतोय. मादी, म्हणतोय. मादी. नर. मादी. आणि हुंदके देतोय.

वहिनी नळाखाली डोळे चोळत होत्या. चोळायचं नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी चोळत होत्या. आतल्या खोलीतून मामा हसत होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

मला माळ्यावर कोंडलंय. बाहेरून कडी. हात सुजून दुधीएवढा झालाय. पण आता निजेन. आता या घरात सगळेच आंधळे. उद्या धाकटी येईल, कडी काढेल, मला घेऊन जाईल. माझा चष्मा मी फोडला. दुसरा करणारे डोळे नाहीत.

रविवार, २२

आली. खालून आवाज. तीच. चप्पल फरपटत जिने चढायची सवय.

मास्तर बोलतायत तिच्याशी. लोण्यासारखे. वहिनी आजारी आहेत, निजल्यात. ताई वर आहे. घसा बसलाय, बोलणार नाही. डोकं जरा— कालपासून हात उगारते. म्हणून कडी.

ती रडतेय. ताई, ताई. दाराशी आलीय. मी दार वाजवते. लाथा. तिला वाटतं मी घाबरलेय.

मास्तर म्हणतात थांब. वर सगळीकडे केस उडालेत, कालचे. ताईच्या अंगावरही. आधी डोळे सांभाळ. तुझ्यासाठी वहिनींनी करून ठेवलंय. बुधवारीच.

कागद कुरकुरतोय.

कागद. बुधवारचा. चेहऱ्याचं माप—

एकच आहे असं का धरून चालले मी—

दार वाजवते. डोकं आपटते. ती म्हणते, ताई शांत हो, आलेच. आठवतंय मला. आधी चष्मा, मग दार. तूच शिकवलंस ना.

रबर ताणल्याचा आवाज. सट्कन.

पान फाडते. लिहिते. फटीतून सरकवते. चष्मा काढ चोळू नको पळ

उचललं तिने. उचललं!

हसतेय. रडता रडता हसतेय. ताई, काय गिरगटलंयस, ओळीवर ओळ, एक अक्षर लागत नाही.

पट्टी. पट्टी कुठे. दातात धरते. मोठं लिहिते. एका पानावर एकच शब्द. पळ. नुसतं पळ

सरकवलं. दुसरं. घे. वाच. वाच ना धाकटे

कागद हातात आहे तिच्या, वाजतोय. म्हणते, थांब हं ताई, डोळ्यात काहीतरी गेलंय, जरा चोळते आणि मग वाच—